भाऊ कोठडीत गेला, आता कागद कुणाकडे मागायचे?

‘ताई, आम्ही मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. माझा धाकटा भाऊ छोटा हत्ती चालवायचा. तीन महिन्यांपूर्वी चोरीच्या चौकशीसाठी म्हणून पोलिसांनी त्याला रात्री जेवणावरून उठवून नेलं. पहाटे फोन आला, “तब्येत बिघडलीय, सिव्हिलला या.” आम्ही पोचलो तोवर त्याला शवागारात ठेवलं होतं. पोलीस हार्ट ॲटॅक म्हणतात. तो २६ वर्षांचा होता. चुलत्यांनी आंघोळ घालताना पाठीवर वळ पाहिले. पीएमचा, म्हणजे शवविच्छेदनाचा, कागद मागितला की “तपास चालू आहे” असं सांगतात. माहिती अधिकारात अर्ज केला, तर “माहिती दिल्यास तपासाला अडथळा येईल” असं लेखी उत्तर या महिन्याच्या १२ तारखेला मिळालं. वडील म्हणतात, गेलेला परत येत नाही, आपल्याला याच गावात राहायचंय. एक पुढारी घरी येऊन “मिटवून घ्या” सांगून गेले. आई बोलतच नाही. कुणाला शिक्षा होईल न होईल, पण त्या रात्री काय झालं ते मला कळायला हवं. मी काय करू? — एक बहीण’

तुमचं पत्र वाचलं. त्या रात्री काय झालं हे कळायला हवं, असं तुम्ही लिहिलंय. हे मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे आणि ते सांगणं सरकारवर बंधनकारक आहे. जिवंत माणूस घरातून पोलिसांच्या गाडीत बसला आणि काही तासांत गेला, तर मधल्या तासांचा हिशेब ज्याच्या ताब्यात तो होता त्यानंच द्यायचा असतो. सर्वोच्च न्यायालयानं हे १९९३ सालीच सांगून ठेवलंय, तेही एका आईच्या पत्रावरून.

ओडिशाच्या नीलाबती बेहेरा यांचा मुलगा सुमन २२ वर्षांचा होता. १ डिसेंबर १९८७ ला पोलिसांनी त्याला चोरीच्या चौकशीसाठी नेलं आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मृतदेह रेल्वेरुळांवर सापडला. पोलिसांचं म्हणणं असं की बांधलेला दोर दातांनी चावून तो पहाटे तीनच्या सुमारास पळाला आणि गाडीखाली आला. आईनं सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, न्यायालयानं तेच याचिका म्हणून दाखल करून घेतलं. डॉक्टरांच्या साक्षीतून पुढे आलं की जखमा लाठीसारख्या बोथट वस्तूच्या माराच्या आहेत. पळून गेल्याची कथा न्यायालयानं मानली नाही आणि सरकारला दीड लाख रुपये भरपाई द्यायला लावली. रक्कम आज किरकोळ वाटेल. पण कोठडीतल्या माणसाचं काय झालं हे सरकारनं समजावून द्यायचं, घरच्यांनी शोधत फिरायचं नाही, हे तत्त्व त्या निकालानं पक्कं केलं. तुम्ही त्याच्याच आधारानं उभ्या आहात.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगते. ठाण्यात जाऊन “काय झालं ते सांगा” असं विचारू नका. त्याचं उत्तर तोंडी मिळतं आणि दर वेळी वेगळं मिळतं. कागद मागा, प्रत्येक कागद त्याच्या नावानं मागा. पोलीस ठाण्यात आणि सरकारी दवाखान्यात जे काही घडतं त्याची कुठल्या ना कुठल्या रजिस्टरला वेळेसकट नोंद पडते. या वेळा एकमेकींशी जुळतात का, हे पाहायचं. तुमची अर्धी लढाई तिथेच आहे.

सगळ्यात आधी सीसीटीव्ही, कारण बाकीचे कागद टिकतात आणि हे पुसलं जातं. २ डिसेंबर २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक ठाण्यात कॅमेरे सक्तीचे केले. चित्रीकरण १८ महिने ठेवायचं, तेवढी सोय नसेल तर शक्य तितकं जास्त, पण वर्षापेक्षा कमी कुठल्याही परिस्थितीत नाही. तुमच्याकडे अजून वेळ आहे, पण आठवडाही दवडू नका. पोलीस अधीक्षकांच्या नावे साधा अर्ज लिहा: अमुक तारखेच्या संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतचं ठाण्याच्या सर्व कॅमेऱ्यांचं चित्रीकरण जतन करावं, आम्ही ते मागणार आहोत. रजिस्टर पोस्टानं पाठवा आणि पोच जपून ठेवा. “कॅमेरा बंद होता” असं उत्तर येईल, ती तयारी ठेवा. ते आलं तर पुढचा प्रश्न असा की बंद पडल्याचं ठाणेदारांनी या कॅमेऱ्यांवरच्या जिल्हा देखरेख समितीला कधी कळवलं, त्या पत्राची प्रत द्या. कॅमेरे चालू ठेवण्याची आणि बिघाड कळवण्याची जबाबदारी त्याच निकालानं ठाणेदारावर टाकलेली आहे. पत्रच नसेल तर कॅमेरा नेमका त्याच रात्री का बंद पडला, हे त्यांना न्यायालयात सांगावं लागेल.

दुसरा कागद पीएम रिपोर्टचा. महाराष्ट्रात पीएमचा जो छापील नमुना असतो त्यातला १७ नंबरचा रकाना शरीरावरच्या बाहेरच्या जखमांचा. प्रत्येक जखम कुठे, किती सेंटिमीटरची, कुठल्या प्रकारची आणि साधारण किती जुनी, हे डॉक्टरांनी तिथे लिहायचं असतं. चुलत्यांनी वळ पाहिले म्हणता. ते या रकान्यात आहेत का, हे पहिलं बघा. असतील तर रंग लिहिलाय का ते बघा. ताजा मार लालसर-निळा दिसतो, चार-पाच दिवसांनी त्यावर हिरवट झाक यायला लागते आणि आठवड्याभरानं पिवळेपणा. त्यामुळे “आधी कधीतरी गाडीवरून पडला असेल” असं कुणी म्हणालं तर त्याला हा रकानाच उत्तर देतो. मग मृतदेहाचा जो पंचनामा होतो, तो शेजारी ठेवा. पंचांनी काय पाहिलं आणि डॉक्टरांनी काय पाहिलं, यात फरक दिसतो का? पीएमच्या पहिल्या पानावर मृतदेह किती वाजता आला आणि पीएम किती वाजता सुरू झालं, हेही असतं. तुमच्या घरी फोन किती वाजता आला ते तुमच्या मोबाइलवर आहे. त्या कॉलचा फोटो काढून ठेवा आणि तो फोन विकू नका, रिसेट करू नका.

मृत्यूच्या कारणापुढे बहुधा “मत राखून ठेवले” असं लिहिलेलं असेल. म्हणजे व्हिसेरा, म्हणजे शरीरातल्या अवयवांचे नमुने, न्यायवैद्यक प्रयोगशाळेला पाठवलाय. गावाकडे ज्याला सीए रिपोर्ट म्हणतात तो रासायनिक तपासणीचा अहवाल तिथून येतो. हार्ट ॲटॅक म्हणत असतील तर हृदयाचा भाग सूक्ष्म तपासणीला पाठवला होता का, हे जरूर विचारा. मत राखून ठेवलेलं असताना पोलीस पहिल्या दिवसापासून हार्ट ॲटॅक कशाच्या आधारावर म्हणतायत, हा प्रश्न लेखी करा. आणि मानवाधिकार आयोगाच्या सूचनेप्रमाणे कोठडीतल्या मृत्यूच्या पीएमचं चित्रीकरण व्हायला हवं. ते झालं असेल तर त्याचीही मागणी नोंदवा.

ठाण्याकडून मागायचं ते असं: त्या रात्रीच्या स्टेशन डायरीची प्रत, लॉकअप रजिस्टर, अटकेचा मेमो आणि ताब्यात घेतल्यावर झालेल्या वैद्यकीय तपासणीचा कागद. अटकेच्या मेमोवर घरच्या किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही हवी, हे डी. के. बसू खटल्यात १९९६ साली ठरलं. तुमच्या घरी कुणी सही केली होती का? केली नसेल तर मेमो कुठे आणि कुणाच्या सहीनं झाला? “अटक नव्हती, नुसतं चौकशीला बोलावलं होतं” असंही सांगतील, हे फार वेळा सांगतात. मग चौकशीला हजर राहण्याची नोटीस दाखवा म्हणा. रात्री ताटावरून उठवून नेलेल्या माणसाला कुठल्या कागदानं नेलं, याचं उत्तर दोन्हीपैकी एका ठिकाणी मिळालंच पाहिजे. १०८ ची गाडी बोलावली असेल तर तिची वर्दी किती वाजता गेली, ही नोंद वेगळ्या यंत्रणेकडे असते. पोलीस ती बदलू शकत नाहीत, म्हणून ती मला फार मोलाची वाटते.

एक नाजूक गोष्ट विचारते. त्या सकाळी सिव्हिलमध्ये वडिलांची किंवा चुलत्यांची कुठल्या कागदावर सही घेतली का? “आमचा कुणावर संशय नाही, कुणाविरुद्ध तक्रार नाही” असा जबाब तयार असतो. मृतदेह मिळण्याच्या घाईत माणूस न वाचता सही करतो. केली असेल तर वडिलांना एका शब्दानंही दोष देऊ नका. त्या सहीनं काहीही संपलेलं नाही. कोठडीतल्या मृत्यूची न्याय दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी कायद्यानंच बंधनकारक आहे, ती कुणाच्या तक्रारीवर अवलंबून नाही. वडील तिथे जाऊन खरं काय ते नव्यानं सांगू शकतात.

या चौकशीचं कलम नीट लक्षात ठेवा: भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १९६. जुन्या कायद्यातलं हे १७६(१-अ). पोलिसांच्या तपासाखेरीज वेगळी अशी ही चौकशी असते. आईवडील, भाऊ-बहीण, बायको, मुलं यांना दंडाधिकाऱ्यांनी शक्य तिथे कळवायचं असतं आणि हजर राहू द्यायचं असतं. बहीण म्हणून तुमचं नाव त्या यादीत आहे. तीन महिन्यांत तुम्हाला एकही पत्र आलेलं नाही असं दिसतं. जिल्हा न्यायालयात जा, तिथल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात विचारा की ही चौकशी कुणाकडे दिली आहे. प्रांत किंवा तहसीलदार करतायत असं उत्तर आलं तर थांबा, ते कार्यकारी दंडाधिकारी झाले. कायद्याला न्यायालयातले दंडाधिकारी हवे आहेत. या प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, म्हणून अर्ज तुमच्या किंवा आईच्या नावानं करा.

हे कितपत चालतं, असा प्रश्न तुमच्या मनात येणार. परभणीचं उदाहरण तुमच्या फार जवळचं आहे. डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर तिथे आंदोलन पेटलं, धरपकड झाली आणि कायद्याचं शिक्षण घेणारे सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत वारले. मारहाण झालीच नाही, त्यांना श्वसनाचा आजार होता, असं विधानसभेत सांगितलं गेलं. पीएमच्या प्राथमिक अहवालात मात्र शरीरावरच्या अनेक जखमांमुळे बसलेला धक्का असं कारण होतं. न्याय दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीनं पोलिसांना जबाबदार धरलं. एवढं होऊनही पोलिसांवर गुन्हा नोंदवला जाईना. अहवाल आला की गुन्हा आपोआप नोंदवायचा असं कलम १९६ मध्ये कुठे लिहिलेलं नाही, ही त्या कायद्यातली मोठी फट आहे. शेवटी त्यांच्या आईनं उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात दाद मागितली. ४ जुलै २०२५ ला खंडपीठानं गुन्हा नोंदवायला सांगितलं, सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि त्या न्यायालयानं त्याच महिन्याच्या ३० तारखेला हस्तक्षेपाला नकार दिला. मंत्रालयापासून ठाण्यापर्यंत सगळे एक सांगत होते आणि पीएमचा कागद दुसरं सांगत होता. तो कागद नसता तर त्या माउलीच्या हातात काय राहिलं असतं?

याच परभणीचा दुसरा दाखलाही दिला पाहिजे, नाहीतर मी तुम्हाला अर्धंच सांगितल्यासारखं होईल. मुंबईतल्या घाटकोपर बॉम्बस्फोटाच्या तपासात पकडलेला परभणीचा ख्वाजा युनूस हा इंजिनिअर जानेवारी २००३ मध्ये पोलीस कोठडीतून बेपत्ता झाला. नेताना गाडीला अपघात झाला आणि तो पळाला, असं पोलिसांनी सांगितलं होतं. त्याचा मृतदेह आजवर मिळालेला नाही. त्याच्या आईनं वर्षानुवर्षं न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या. चार पोलिसांवर आरोप ठेवले गेले, पण त्यांना २०२० मध्ये पुन्हा सेवेत घेतलं गेलं. हे लांबू शकतं. म्हणूनच वडिलांची भीती मला खोटी वाटत नाही.

वडिलांशी भांडू नका. एक मूल गमावलेला बाप दुसऱ्याला जपतोय. त्यांना फक्त एवढं सांगा की मी कुणावर आरोप करत नाही, कागद मागतेय. त्यात दमानं करण्यासारखं पुष्कळ आहे. ठाण्यात एकट्या जाऊ नका, खरं तर जाऊच नका. सगळं पोस्टानं किंवा ऑनलाइन करा. कुणी घरी येऊन धमकावलं तर तारीख, वेळ, नाव वहीत लिहा आणि वकिलामार्फत अधीक्षकांना कळवा. सगळ्या कागदांची एक प्रत गावाबाहेरच्या नातेवाइकाकडे ठेवा.

आणि ते पुढारी. मिटवून घ्या म्हणणाऱ्याला मी एकच विचारीन: काय मिटवायचं? काही झालंच नसेल तर मिटवायला काय आहे? कोठडीतला मारहाणीचा मृत्यू आपसांत तडजोड करून मिटवण्यासारखा गुन्हा कायद्यात नाही. त्यांच्याकडून पैसे घेऊ नका, कोऱ्या कागदावर कुणाचीही सही होऊ देऊ नका. न्यायालयानं किंवा आयोगानं भरपाई दिली तर ती मात्र निःसंकोच घ्या. तो तुमचा हक्क आहे आणि ती घेतल्यानं खटला बंद होत नाही.

आयोगाचं थोडक्यात सांगते. कोठडीत मृत्यू झाला की २४ तासांच्या आत राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला कळवायचं, अशी १९९३ पासूनची सूचना आहे. म्हणजे तुमच्या भावाच्या नावानं दिल्लीत एक फाइल बहुधा आधीच आहे. कळवलेल्या त्या पत्राची प्रत अधीक्षक कार्यालयाकडे माहिती अधिकारात मागा. पहिल्या दिवशी, सारवासारव सुरू होण्याआधी, पोलिसांनी काय लिहिलं होतं ते त्यात दिसेल. आयोगाकडे तक्रार वर्षाच्या आत करावी लागते. राष्ट्रीय किंवा राज्य, एकाच आयोगाकडे करा. कोठडीतल्या मृत्यूत ठाण्याचं चित्रीकरण मागवून घेण्याचा मार्गही आयोगाला त्या २०२० च्या निकालानं दिलेला आहे.

राहिलं तुमच्या हातातलं नकाराचं पत्र. ते फाडू नका, त्याचा उपयोग होणार आहे. एकीकडे मृत्यू नैसर्गिक म्हणायचा आणि दुसरीकडे माहिती दिली तर तपासाला अडथळा येईल म्हणायचं, या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा असतील? अपिलात हेच लिहा. शिवाय माहिती अधिकार कायद्यात नुसतं “तपास चालू आहे” एवढं पुरत नाही. माहिती दिल्यानं तपास कसा अडेल याची कारणं द्यावी लागतात, असं दिल्ली उच्च न्यायालयानं २००७ मध्ये भगतसिंग प्रकरणात म्हटलंय, त्याचा उल्लेख करा. एखादा भाग खरोखरच देता येत नसेल तर तेवढा झाकून उरलेला द्यायचा, हे कलम १० सांगतं. स्टेशन डायरीतली दुसऱ्या कुणाची नावं झाकली तरी तुमचं अडत नाही, तुम्हाला वेळा हव्या आहेत.

पुढचे अर्ज करताना एक चूक टाळा. सगळं एकाच अर्जात कोंबू नका. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, आणि याच कारणावरून अर्ज परत येतात. पोलीस अधीक्षक, जिल्हा शल्यचिकित्सक, प्रयोगशाळा, रुग्णवाहिका यांना वेगवेगळे अर्ज करा, प्रत्येकावर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. “का”, “कसं” असे प्रश्न त्यात घालू नका, त्यांना “हा खुलासा झाला, माहिती नव्हे” म्हणून सरळ नाकारतात. “अमुक रजिस्टरच्या अमुक तारखेच्या पानांच्या साक्षांकित प्रती” असं लिहा. सोबत “मूळ नोंदींची पाहणी करू द्यावी” हेही मागा. पाहणीला जाल तेव्हा वकिलाला किंवा शिकलेल्या जाणत्या माणसाला बरोबर न्या आणि खाडाखोड, वेगळ्या शाईतली नोंद, मध्येच सोडलेली ओळ नीट बघा.

पहिल्या अपिलाची मुदत उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांची आहे. तुम्हाला ते १२ तारखेला मिळालं, तेव्हा पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत अपील प्रथम अपिलीय अधिकाऱ्यांकडे पोचलं पाहिजे. त्यावर २० रुपयांचं तिकीट लावा, नकाराच्या पत्राची प्रत जोडा. सीसीटीव्हीचा अर्ज मात्र त्याची वाट न पाहता याच आठवड्यात पाठवा. पीएम रिपोर्ट हातात आला की तो आणि पंचनामा मला दाखवा, १७ नंबरचा रकाना आपण एकत्र बसून वाचू.